सॅम्पलिंग रेट, फिल्टर आणि डॅकचा आवाज : वाचकांच्या शंकांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात डॅक कसा निवडावा याविषयी लिहिले होते. सीडीवरील किंवा फाईलमधील आकड्यांचे पुन्हा ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण म्हणजे डॅक. त्या लेखावर आलेली बहुतेक पत्रे सॅम्पलिंग रेटविषयी, म्हणजे ध्वनिलहर सेकंदाला किती वेळा मोजली जाते याविषयी, आहेत आणि सॅम्पलिंग रेट जितका मोठा तितका आवाज अस्सल, असे त्यांतील पुष्कळांनी गृहीतच धरले आहे. हे गृहीतक तपासायचे तर सॅम्पलिंग रेटच्या जोडीने फिल्टरचा, म्हणजे नको असलेल्या वारंवारता गाळणाऱ्या भागाचा, विचार करावाच लागतो. त्यामुळे या वेळची बहुतेक उत्तरे फिल्टरभोवती फिरतात.

प्रश्न : ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडीत ध्वनिलहरीच्या जागी पायऱ्या असतात, आणि १९२ किलोहर्ट्झला त्या इतक्या लहान होतात की लहर गुळगुळीत दिसू लागते, असे मला दुकानदाराने कागदावर चित्र काढून समजावले. हे खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

हे चित्र अनेक माहितीपत्रकांतही छापलेले असते आणि ते डॅकच्या कामाचा निम्माच भाग दाखवते. सॅम्पल म्हणजे एका क्षणी मोजलेले लहरीचे मूल्य. त्या क्षणापासून पुढच्या सॅम्पलपर्यंत लहर सपाट राहिली, असे फाईलमध्ये कुठेही नोंदलेले नसते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये, व्लादिमीर कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जे मांडले त्याचा आशय असा, की मूळ संकेतातील सर्वांत वरची वारंवारता सॅम्पलिंग रेटच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या सॅम्पलमधून जाणारी आणि ती मर्यादा पाळणारी लहर एकच असू शकते. दोन सॅम्पलमधला भाग अंदाजाने भरला जात नाही, तो आधीच ठरलेला असतो. दोन सॅम्पलमधील २२.७ मायक्रोसेकंदांत पडलेला तबल्याचा ठोका हरवतो, ही समजूतही याच कारणाने टिकत नाही. ठोका किंचित आधी पडला की नंतर, याचा परिणाम आजूबाजूच्या अनेक सॅम्पलच्या मूल्यांवर होतो आणि ती वेळ त्यांच्यातूनच परत मिळते.

आता पायऱ्यांविषयी. जुन्या पद्धतीचा डॅक एक मूल्य बाहेर काढतो आणि पुढचे येईपर्यंत ते धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्या आत पायऱ्या खरोखरच तयार होतात. गणिताच्या दृष्टीने मात्र पायऱ्यांची लहर म्हणजे मूळ लहर आणि तिच्या वरच्या पट्ट्यातील प्रतिमा यांची बेरीज होय. आपण १ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर सीडीवरून वाजवलात, तर डॅकमधून १ किलोहर्ट्झबरोबर ४३.१ आणि ४५.१, त्यांच्या वर ८७.२ आणि ८९.२ किलोहर्ट्झ अशा प्रतिमा बाहेर पडतात. २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचे सारे गाळून टाकले की पायऱ्या उरत नाहीत, मूळ स्वर तेवढा उरतो. चांगल्या सीडी प्लेयरच्या आउटपुटला ऑसिलोस्कोप लावून पाहिल्यास पडद्यावर अखंड, गोलाईदार लहर दिसते.

धरून ठेवण्याच्या या क्रियेमुळे वरच्या वारंवारता थोड्या क्षीणही होतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या दराने १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबल इतकी ही घट असते, आणि तीही सहसा फिल्टरच भरून काढतो. १९२ किलोहर्ट्झला प्रतिमा १९१ आणि १९३ किलोहर्ट्झवर, म्हणजे फार दूर जातात आणि त्या गाळणे सोपे होते. थोडक्यात, लहर गुळगुळीत करण्याचे काम फिल्टरचे असते आणि त्या कामासाठी फिल्टरला किती मोकळी जागा मिळणार, हे सॅम्पलिंग रेट ठरवतो. आपल्या दुकानदाराच्या चित्रात फिल्टरच नव्हता.

प्रश्न : ४४.१ हा आडनिडा आकडा आला कुठून? सुरुवातीच्या सीडी कानाला टोचत, असे जुने श्रोते सांगतात. त्याचा या आकड्याशी संबंध आहे का?
— एक वाचक, नागपूर

आकडा व्हिडिओ टेपमधून आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इतकी माहिती साठवू शकेल असे परवडणारे साधन म्हणजे व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर. म्हणून ध्वनीचे आकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्रासारखे टेपवर नोंदवले जात. सेकंदाला ६० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) असलेल्या पद्धतीत प्रत्येक फील्डमधील २४५ ओळी वापरून ओळीमागे ३ सॅम्पल ठेवले, तर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल होतात. युरोपातील ५० फील्डच्या पद्धतीत २९४ ओळी आणि ओळीमागे ३ सॅम्पल धरले, तरी ४४,१०० च होतात. दोन्हीकडच्या यंत्रांना चालेल असा हा आकडा फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये निश्चित केलेल्या सीडीच्या मानकात कायम झाला, आणि पुढे बरीच वर्षे सीडीचे मास्टर (ज्यांवरून प्रती निघतात ती मूळ मुद्रणे) सोनीच्या यंत्रांवर यू-मॅटिक व्हिडिओ कॅसेटवरच तयार होत राहिले.

या आकड्याने फिल्टरपुढे मोठीच अडचण उभी केली. २० किलोहर्ट्झपर्यंतचे सारे अबाधित ठेवायचे आणि २२.०५ च्या पुढचे काही येऊ द्यायचे नाही, असे म्हटले तर मध्ये फक्त २.०५ किलोहर्ट्झ उरतात. संगीताच्या मापाने हे अंतर कोमल रिषभाच्या थोडे वर जाते, पण षड्जापासून शुद्ध रिषभापर्यंतही पोहोचत नाही. तेवढ्यात आवाज ९० डेसिबलहून अधिक खाली आणायचा!

१९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटांचा, म्हणजे प्रत्येक सॅम्पल १६ द्विमान अंकांत वाचणारा, डॅक होता आणि त्याच्यापुढे अनेक टप्प्यांचा, अतिशय तीव्र उताराचा अ‍ॅनालॉग फिल्टर होता. अशा फिल्टरमध्ये प्रत्येक भागाचे मूल्य अचूक असावे लागते. ते थोडेही ढळले तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच चढउतार दिसू लागतात. शिवाय कडेजवळच्या वारंवारतांना खालच्या वारंवारतांपेक्षा जास्त उशीर लागतो. (त्या प्लेयरमध्ये एकच डॅक डाव्या-उजव्या वाहिन्यांसाठी आळीपाळीने वापरला जाई, त्यामुळे दोन्ही वाहिन्यांत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडे. एक स्पीकर जेमतेम ४ मिलिमीटर मागे सरकवण्याइतका हा फरक होता.)

फिलिप्सने त्याच सुमारास सीडी-१०० मध्ये वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते डिजिटल ध्वनीच्या इतिहासातील ही सर्वांत सुंदर तोड आहे. त्यांच्या हाती टीडीए१५४० हा १४ बिटांचाच डॅक होता. त्यांनी त्याच्या आधी एसएए७०३० ही डिजिटल फिल्टरची चिप बसवली. ही चिप दर दोन सॅम्पलमध्ये आणखी तीन सॅम्पल गणिताने काढून दर चौपट, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झ करी. ४४.१ च्या आसपासच्या प्रतिमा आकड्यांच्या पातळीवरच पुसल्या जात; ज्या उरत त्या १७६.४ च्या आसपास असत आणि त्यांच्यासाठी साधा, सौम्य उताराचा अ‍ॅनालॉग फिल्टर पुरे होई. दुसरा लाभ असा, की आकडे पूर्णांकांत बसवताना होणारा गोंगाट चौपट रुंद पट्ट्यात पसरल्यामुळे ऐकू येणाऱ्या भागात तो ६ डेसिबलने, म्हणजे एका बिटाइतका, कमी होई. उरलेल्या बिटाची भरपाई करण्यासाठी हा गोंगाट आणखी वरच्या वारंवारतांकडे ढकलला जाई. १४ बिटांच्या डॅककडून १६ बिटांचे काम असे करून घेतले गेले. आजचा जवळपास प्रत्येक डॅक याच तत्त्वावर चालतो.

टोचण्याचा सगळा दोष प्लेयरच्या फिल्टरवर टाकता येणार नाही. ध्वनिमुद्रण करतानाही असाच तीव्र अ‍ॅनालॉग फिल्टर आधी लावावा लागे. म्हणजे संगीत त्यातून दोनदा जाई. मुद्रणाच्या वेळी हा फिल्टर कमी पडला तर २५ किलोहर्ट्झची वारंवारता १९.१ किलोहर्ट्झ होऊन ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते, आणि एकदा उतरली की नंतरचा कितीही महागडा डॅक ती वेगळी काढू शकत नाही. एलपीसाठी तयार केलेले मास्टर जसेच्या तसे सीडीवर चढवण्याचे प्रकारही त्या काळी झाले. जुनी सीडी आजच्या डॅकवरही टोचत असेल, तर कारण बहुधा डिस्कवरच नोंदलेले आहे.

प्रश्न : माझ्या डॅकच्या मेनूमध्ये ‘शार्प’, ‘स्लो’, ‘लिनियर फेज’, ‘मिनिमम फेज’ असे पर्याय आहेत. मी मुख्यतः गायन आणि तबला ऐकतो. कोणता पर्याय ठेवावा?
— एक वाचक, मडगाव

हे चारही शब्द चिपमधील डिजिटल फिल्टरविषयी आहेत. पहिले दोन शब्द उतार किती तीव्र आहे ते सांगतात, तर पुढचे दोन वेळेच्या वागणुकीविषयी आहेत.

शार्प फिल्टर ४४.१ च्या फाईलसाठी २० किलोहर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट असतो आणि २४.१ पर्यंत सहसा १०० डेसिबल किंवा त्याहून अधिक खाली येतो. २४.१ हाच आकडा का, तर २० किलोहर्ट्झची पहिली प्रतिमा तिथे पडते. यातले पुष्कळ फिल्टर गणित वाचवण्यासाठी अशा रीतीने आखलेले असतात, की नेमक्या २२.०५ ला ते फक्त ६ डेसिबल खाली असतात. २२.०५ आणि २४.१ यांच्यामधल्या प्रतिमा त्यामुळे थोड्या निसटतात, पण त्या ऐकू येण्याच्या पलीकडे आणि अगदी क्षीण असतात. स्लो फिल्टर आधीच उतरू लागतो, २० किलोहर्ट्झला तो काही डेसिबल खाली गेलेला असतो आणि तरीही २२.०५ च्या वरच्या प्रतिमा बऱ्याच येऊ देतो. मग तो हवा कशाला, तर त्याचे ‘रिंगिंग’ कमी असते म्हणून.

तीव्र उताराच्या फिल्टरमधून एकच टोकदार ठोका पाठवला, तर त्याच्या आजूबाजूला विरत जाणारी कंपने दिसतात. लिनियर फेज फिल्टरमध्ये ती ठोक्याच्या आधी आणि नंतर सारखीच असतात, कारण हा फिल्टर सर्व वारंवारतांना अगदी सारखा उशीर लावतो. मिनिमम फेजमध्ये ती सगळी नंतर येतात, पण वरच्या वारंवारतांना वेगवेगळा उशीर लागतो. ठोक्याआधी कंपन हे निसर्गात नसते, म्हणून ते आवाज बिघडवते, असा युक्तिवाद वाचायला मिळतो. आलेख पाहिला की तो पटतोही. परंतु त्या आलेखासाठी वापरलेला ठोका एकाच सॅम्पलचा असतो, आणि योग्य रीतीने मुद्रित केलेल्या संगीतात तसा ठोका असूच शकत नाही. मुद्रणाच्या फिल्टरने त्याची धार आधीच २२ किलोहर्ट्झच्या आत आणलेली असते. शिवाय ती कंपने फिल्टरच्या कडेच्या, म्हणजे सुमारे २२ किलोहर्ट्झच्या वारंवारतेची असतात, आणि मूळ संकेतात त्या कडेजवळ जेवढी ऊर्जा असेल तेवढ्याच प्रमाणात ती उठतात. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ कितीही कोरा आणि टणक वाजला, तरी त्याच्या ऊर्जेचा मुख्य भाग काही किलोहर्ट्झच्या आत असतो. २२ किलोहर्ट्झजवळ फारच थोडे उरते.

या प्रश्नाची एक खोल बाजू आहे, आणि ती पीटर क्रेव्हन यांनी २००४ मध्ये मांडली. मुद्रण करणाऱ्या यंत्राच्या फिल्टरचे रिंगिंग फाईलमध्येच नोंदलेले असते. डॅकचा फिल्टर कितीही बदलला तरी ते तिथेच राहते. डॅकचा फिल्टर २२.०५ च्या थोडा आधी उतरू लागून २२.०५ ला पूर्ण बंद होईल असा आखला, तर ज्या कडेवर ते जुने रिंगिंग बसलेले असते ती कडच निघून जाते आणि त्याची जागा या नव्या, अधिक सौम्य फिल्टरची वागणूक घेते. काही डॅकमध्ये ‘अपोडायझिंग’ या नावाने मिळणारा पर्याय तो हाच.

माझा सल्ला असा : ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या फाईलसाठी शार्प लिनियर फेज ठेवावा, आणि अपोडायझिंग पर्याय असेल तर तोही निःशंकपणे वापरावा. तरुण श्रोत्याला स्लो फिल्टरमध्ये झांजेची किंवा तानपुऱ्याच्या जवारीची वरची चमक किंचित मंदावलेली जाणवू शकते. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांना १५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नसल्यामुळे काहीच फरक कळणार नाही. ९६ किलोहर्ट्झच्या फाईलसाठी कोणताही पर्याय चालेल, कारण तिथे स्लो फिल्टरचा उतारही २० किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होतो.

प्रश्न : ओव्हरसॅम्पलिंग न करणारे डॅक आवाजाने गोड असतात, असे ऐकतो. माझ्या मित्राकडे तसा आहे आणि तो खरोखरच मऊ वाजतो. हे कसे?
— एक वाचक, कोल्हापूर

ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे फिलिप्सने केले तसे मधली सॅम्पल काढून दर वाढवणे. ते न करणारे हे डॅक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधील हौशी मंडळींमुळे पुन्हा चर्चेत आले आणि त्यांत बहुधा फिलिप्सच्या जुन्या मल्टिबिट चिप असतात. डिजिटल फिल्टर काढून टाकला की रिंगिंग जाते, हे खरे. पण त्याबरोबर प्रतिमा गाळणारेही जाते. १५ किलोहर्ट्झचा स्वर अशा डॅकमधून निघाला, की त्याच्यासोबत २९.१ किलोहर्ट्झची प्रतिमा निघते आणि ती मूळ स्वरापेक्षा जेमतेम ६ डेसिबल खाली असते. ती आपल्याला ऐकू येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला आणि ट्वीटरला, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, मात्र ती पेलावी लागते, आणि ते जिथे कमी पडतात तिथे या प्रतिमांच्या आपसांतील फरकाच्या वारंवारता ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उमटतात.

मऊपणाचे एक सरळ कारण वर आलेच आहे : धरून ठेवण्यामुळे होणारी घट इथे भरून काढली जात नाही, त्यामुळे १५ किलोहर्ट्झला सुमारे १.७ आणि २० ला ३.२ डेसिबल कमी मिळतात. आपल्या मित्राला तो आवाज आवडत असेल तर त्याने तो आनंदाने ऐकावा. आवडीवर मापाची सक्ती नसते. मात्र हा आवाज मूळ मुद्रणाच्या अधिक जवळ आहे, असे म्हणता येत नाही. त्याला एक प्रयोग जरूर सुचवावा. डॅक स्वीकारत असेल तर संगणकावरच फाईल १७६.४ किलोहर्ट्झला बदलून त्याला द्यावी. गाळण्याचे काम मग सॉफ्टवेअर करील, २० किलोहर्ट्झची घट ०.२ डेसिबलवर येईल, आणि गोडव्यातला किती भाग चिपचा होता व किती फिल्टर नसण्याचा, हे त्यालाच कळेल.

प्रश्न : मी विकत घेतलेल्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाईली त्याच अल्बमच्या सीडीपेक्षा मला स्पष्टपणे चांगल्या वाटतात. हा भ्रम म्हणावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

भ्रम म्हणण्याआधी दोन्ही फाईली एकाच मास्टरवरून निघाल्या आहेत का, ते पाहावे. अनेकदा महागड्या आवृत्तीसाठी मास्टर नव्याने तयार केलेला असतो, त्यात आवाज कमी दाबलेला असतो आणि चढउतार मोकळे असतात. तो फरक कोणत्याही कानाला कळेल, पण तो सॅम्पलिंग रेटचा नव्हे.

केवळ दराचा फरक तपासण्याची रीत सोपी आहे. आपली १९२ ची फाईल चांगल्या सॉफ्टवेअरने ४४.१ किलोहर्ट्झला उतरवावी, पुन्हा १९२ ला चढवावी, म्हणजे डॅकला दोन्हीही १९२ म्हणूनच मिळतील आणि त्याचा फिल्टर बदलणार नाही. मग फूबार२००० सारख्या प्लेयरमधील एबीएक्स सुविधेने, कोणती फाईल वाजते आहे हे न कळता, त्या ओळखून पाहाव्यात. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. म्हणून १२ हा उंबरठा धरावा. दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत सारखी हवी, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला ‘अधिक स्पष्ट’ वाटतो.

प्रकाशित चाचण्या काय सांगतात? मेयर आणि मोरन यांच्या २००७ च्या चाचणीत उच्च दराच्या आवाजाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे रूपांतर मध्येच घातले होते. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांतील साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आले, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांत ते सुमारे ६० टक्क्यांपर्यंत गेले. माझे वाचन असे : फरक असलाच तर तो फार बारीक आहे, आणि ज्या फरकाला आपण ‘स्पष्टपणे’ हा शब्द वापरला आहे, तो इतक्या बारीक कारणातून येणे कठीण आहे.

एका गोष्टीविषयी सावध करावेसे वाटते. १९२ च्या फाईलमध्ये ऐकू न येणाऱ्या वारंवारता शिल्लक असतात. ३० आणि ३३ किलोहर्ट्झ एकत्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेले आणि तो तिथे पुरेसा सरळ वागत नसेल, तर ३ किलोहर्ट्झचा एक स्वर नव्याने तयार होतो, जो मूळ मैफलीत नव्हता. मुद्रण आणि संपादन करताना उच्च दराचे खरे फायदे आहेत, फिल्टरला जागा मिळते आणि आवाजावर संस्कार करताना उठणाऱ्या नको असलेल्या वारंवारता खाली येत नाहीत; ऐकणाऱ्याच्या घरी मात्र तो फायदा बहुतांशी आधीच वसूल झालेला असतो.

प्रश्न : फोनला चांगला डॅक असल्यास ब्लूटूथ हेडफोनचा आवाज सुधारतो का?
— एक वाचक, ठाणे

नाही. ब्लूटूथवरून आकडेच जातात आणि त्यांचे रूपांतर हेडफोनमधल्या डॅकमध्ये होते. फोनमधला डॅक तारेचा हेडफोन लावल्यावरच कामाला येतो.

प्रश्न : अलीकडची मोठ्या आवाजात मुद्रित केलेली गाणी माझ्या डॅकवर अधूनमधून चरचरतात, जुनी गाणी मात्र स्वच्छ वाजतात. डॅक बिघडला आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बहुधा नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाईलमध्ये ११.०२५ किलोहर्ट्झचा स्वर आहे असे धरा. प्रत्येक आवर्तनात त्याचे फक्त चार सॅम्पल घेतले जातात. ते नेमके शिखराच्या दोन्ही बाजूंना पडले, तर प्रत्येक सॅम्पलचे मूल्य शिखराच्या ०.७०७ पट असते. आता कोणी हे सॅम्पल कमाल आकड्यापर्यंत वाढवले, तर सॅम्पल मर्यादेत दिसतात, पण त्यांच्यामधून जाणारी खरी लहर मर्यादेच्या ३ डेसिबल वर जाते. डॅकचा डिजिटल फिल्टर हीच खरी लहर उभी करतो, आणि त्याच्या गणितात वर जागा ठेवलेली नसेल तर शिखर तिथे कापले जाते. जुन्या मुद्रणात पातळी इतकी वर नेलेली नसल्याने हे घडत नाही.

उपाय सोपा आहे. संगणकावरील किंवा फोनवरील प्लेयरचा आवाज ३ ते ४ डेसिबल कमी करावा आणि तेवढा अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवावा. तरीही चरचर राहिली, तर ती मास्टरमध्येच आहे असे समजावे. मास्टर तयार करणाऱ्यांसाठी यावर मोजमापाची रीतही उपलब्ध आहे : आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या, बीएस.१७७० या शिफारशीत दर चौपट करून खरे शिखर मोजण्याची पद्धत दिली आहे. तिचा वापर सर्वत्र झाला तर आपल्यासारख्यांची तक्रार उरणार नाही, आणि तसा तो व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आहेत. त्यांतल्या काही फार जुन्या आहेत. त्या संगणकावर उतरवताना कोणता सॅम्पलिंग रेट घ्यावा? इतक्या जुन्या आवाजाला ९६ किलोहर्ट्झ म्हणजे उधळपट्टी नाही का?
— एक वाचक, सांगली

१९२५ च्या आधी कर्ण्यापुढे गाऊन केलेल्या मुद्रणांत ३ किलोहर्ट्झच्या फार वर काही नसते, हे लक्षात घेता आपली शंका रास्त आहे. तरीही २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयासाच्या मार्गदर्शिकेतही किमान ४८ किलोहर्ट्झ सांगितले असून त्याहून वरचा दर श्रेयस्कर मानला आहे.

याचे कारण तबकडीवरच्या चरांमध्ये आणि ओरखड्यांमध्ये आहे. ओरखड्यावरून सुई जाते तेव्हा उठणारी टिचकी अतिशय टोकदार असते आणि तिची ऊर्जा २० किलोहर्ट्झच्या बरीच वर पसरलेली असते. ४४.१ ला उतरवताना मुद्रणाचा तीव्र फिल्टर तिची धार काढून तिला पसरट करतो, आजूबाजूला रिंगिंग लावतो, आणि मग टिचकी कुठे संपली व गायकाचे व्यंजन कुठे सुरू झाले, हे सॉफ्टवेअरला ओळखणे जड जाते. ९६ ला टिचकी अरुंद राहते. गाण्याला धक्का न लावता ती काढता येते. गाण्यासाठी नाही तरी दोष नेमका पकडण्यासाठी हा दर हवा.

उतरवलेली मूळ फाईल कोणतीही दुरुस्ती न करता वेगळी जपून ठेवावी, कारण टिचक्या काढण्याची साधने सुधारत राहतात. ७८ हा आकडाही नाममात्र आहे आणि जुन्या तबकड्यांचा वेग पुष्कळदा त्याहून वेगळा असे. गाण्याची पट्टी माहीत असल्यास वेग नंतर संगणकावर जुळवता येतो. ७८ साठी रुंद टोकाची वेगळी सुई लागते, एलपीची सुई चराच्या तळाशी घासत जाते आणि गोंगाट वाढवते. ऐकण्यासाठी म्हणून दुरुस्त केलेली प्रत शेवटी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटांत उतरवली, तर घरातल्या कोणत्याही डॅकवर ती बिनदिक्कत वाजेल.